पोट आलेली भिंत

३ मार्च
तिसरी पट्टी मोडली! अर्धी वळली, वाटलं जमलं — आणि कट्‌कन गेली. सागवान आहे, वेत नव्हे, कळतं मला. पण भिंत गोल बांधायची हौस कुणाची? नवऱ्याची, तोच घरचा गवंडी. सासूबाई शनिवारी कायमच्या राहायला येताहेत. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. कोपरा लागेल म्हणून आमच्या गवंड्याने त्यांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेतला कोपराच काढून टाकला. छान! आता त्या गोलाईवर हाताने धरायला लाकडी पट्टी हवी — ते सुताराने बघावं. सुतार म्हणजे मी.

४ मार्च
मागून बोटबोटभर अंतरावर खाचा पाडल्या. गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळली. वळली एकदाची! भिंतीला लावली तर मधोमध टेकते आणि दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी फट. पुठ्ठ्याचा साचा कापून पाहिला. दोष लाकडाचा नाहीच. भिंतीला पोट आलंय.

५ मार्च
त्याला सांगितलं. म्हणाला, वीस वर्षं भिंती बांधतोय, मला शिकवू नकोस. वर — नाचता येईना, अंगण वाकडं. अरे, माझं अंगण खरंच वाकडं आहे, आणि ते तूच बांधलंयस! पोट तासून दे म्हटलं, तर साफ नाही म्हणाला. भिंत सरळ आहे म्हणे. म्हणजे गोल आहे.

६ मार्च
चौथी मोडली. बोलणं बंद.

७ मार्च
जाड पट्टीचा नाद सोडला. दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवल्या, पोटापाशी मागून रंध्याने खोलगट केल्या. बसली. ठोकायला दुसरा माणूस हवाच, म्हणून तो आला, तोंड फुगवून. मी पेन्सिलीने खुणा करून दिल्या होत्या. त्याने दोन्ही भोकं खुणेच्या दोन बोटं बाजूला पाडली. मी ड्रिल हिसकावून घेतलं, नको ते बोलले. जेवायला आला नाही.

८ मार्च
सासूबाई आल्या. पट्टीवर हात ठेवून हळूहळू चालत गेल्या. मधेच थांबल्या. हात वर भिंतीवर नेला, फिरवला, पुन्हा फिरवला. भिंत कुणी बांधली विचारलं. तो म्हणाला, मी.
तो बाहेर गेल्यावर मला जवळ बसवलं. विचारलं, हल्ली चौकटीला खांदा लागतो का त्याचा? शेजारी ठेवलेला कप सांडतो का? मी म्हटलं, सांडतो, धांदरटच झालाय अलीकडे.
"माझंही आधी कडेकडेचं दिसणंच गेलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, वय झालं. सोमवारी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. नाही म्हणाला तर माझं नाव सांग."

१० मार्च
सासूबाईंचाच आजार. दोन्ही डोळ्यांत. गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते थेंबांनी टिकवता येईल, डॉक्टर म्हणाले.
घरी आल्यावर दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारातून दिसला — डोळे मिटून, पट्टीवर हात ठेवून, न्हाणीघरापर्यंत जाऊन परत आला. मी भांड्याचा आवाज होऊ दिला नाही.