डोक्यावरच्या टोपलीसकट

प्रिय ठेंगू,

आता तू माझ्यापेक्षा वीतभर उंच झालास तरी माझ्यासाठी ठेंगूच, तेव्हा नाक मुरडू नकोस. तुझ्या सौरऊर्जा कंपनीचे साहेब परवा घरी येऊन गेले. चहा घेतला, तुझं तोंडभर कौतुक केलं आणि आपल्या शेताचा नकाशा पसरला. सगळं शेत सौर पॅनेलच्या निळ्या चौकोनांनी भरलेलं. पेरायचं कुठे, असं मी विचारलं तर हसून म्हणाले, आता बसून खा ताई. बसून खायला मी काय म्हातारी झालेय?

तुझ्यावर राग नाही रे. सौरपंप तूच बसवून दिलास आणि पाण्यासाठी रात्री-अपरात्री उठणं संपलं, त्याबद्दल जन्मभर दुवा देईन. पण शेजारच्या दूधवाल्याकडे बघवत नाही. त्याने सगळी जमीन कंपनीला भाड्याने दिली, गुरं विकली. भाडं वेळेवर येतं, त्यात खोट नाही. तरी रोज सकाळी सवयीने कुंपणापर्यंत जातो आणि जाळीत बोटं अडकवून स्वतःच्याच शेताकडे बघत राहतो. आत जायला त्याला परवानगी लागते. घरात आता विनाकारण सगळ्यांवर खेकसतो, असं त्याची बायको सांगत होती.

त्याच कुंपणाच्या आत मी एक उद्योग केलाय. तू हसला असतास म्हणून कळवलं नव्हतं. आई उन्हाळ्यात मिरचीच्या रोपांवर जुन्या चादरी बांधायची, आठवतंय? मी वाकून शिरायचे आणि तू खालून ताठ मानेने धावायचास, वर मलाच चिडवायचास. कोवळ्या रोपाला सावली लागते हे आपण खेळता खेळताच शिकलो. मग पॅनेलची सावली फुकट का घालवायची? कंपनीच्या राखणदाराला गळ घातली आणि कडेच्या रांगेखाली पालक, कोथिंबीर लावली. पॅनेल धुतात तेव्हा पाणी खालच्या कडेने ओघळतं, नेमकं तिथेच. कोथिंबीर अशी तरारली की राखणदाराने तोंडात बोटं घातली. आणि मग तुमची गवत काढणारी टोळी आली! त्यांच्या लेखी पॅनेलखालचं हिरवं ते सगळं गवतच. यंत्र फिरवून सपाट केलं. मी कपाळाला हात लावला, थोडी रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेरलं. या खेपेला काठ्या रोवून लाल चिंध्या बांधल्या. टोळीतल्या बायका आता तिथे यंत्र बंद करतात आणि जाताना हक्काने जुडी नेतात.

अडचण एकच आहे. पॅनेल इतकी खाली आहेत की काढणी रांगत करावी लागते. गुडघे बोलायला लागलेत आणि भरलेली टोपली जमिनीवरून ओढत आणावी लागते.

आपण दोघांनी जमीन भाड्याने देण्याच्या करारावर सह्या केल्या की बाकीचं गाव मागोमाग येईल, असं साहेब म्हणाले. म्हणूनच हे पत्र. मी सही केलेली नाही, तूही करू नकोस. साहेबांसमोर नाही म्हणणं तुला जड जाईल, नोकरीवरही बेतेल, याची मला भीती वाटते. तरी सोमवारी कंपनीने गावात बोलावलेल्या सभेत तू कंपनीच्या खुर्चीत नाही, माझ्या शेजारी बसायचंस. पॅनेल सगळ्या शेतावर लावा, मी अडवणार नाही. फक्त खांब उंच हवेत, रांगांत अंतर हवं आणि फाटकाची किल्ली माझ्याकडे हवी. लोखंड जास्त लागेल म्हणतील, लागू दे. किती उंच तेही ठरवून ठेवलंय. लहानपणी तुझी उंची मोजायचो, त्याच दाराशी मी भरलेली टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिले आणि दूधवाल्याला टोपलीच्या वर भिंतीवर रेघ ओढायला लावली. त्याने दोनदा नीट बघून ओढली. आलास की आधी ती रेघ बघ. वाकून झालं तेवढं पुरे, आता मला माझ्या शेतातून ताठ चालायचंय, डोक्यावरच्या टोपलीसकट.

तुझीच, हट्टी
ताई