जिन्याच्या वळणावरचा फोटो उतरवण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, जालना.

विषय : टेंभुर्णीच्या शाळेच्या जिन्यावरील अर्जदाराच्या वडिलांचा फोटो उतरवून नववी-दहावीचे वर्ग खाली आणण्याबाबत.
संदर्भ : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम १६.

महोदय,

अर्जदार दैवशाला बद्रीनाथ बोराडे ही टेंभुर्णीजवळच्या वस्तीवरील रहिवासी असून नोकरीनिमित्त जालन्यात राहते.

१. गेल्या ऑगस्टमध्ये अर्जदार सुट्टीवर गावी आली होती. स्नायूंच्या आजारामुळे चालू न शकणारा तिचा भाऊ राधेश्याम तेव्हा दहावीत होता. वडील त्याला रोजच्याप्रमाणे पाठीवर घेऊन शाळेचा जिना चढत होते. अर्जदार दप्तर घेऊन मागे होती. वळणावर वडिलांनी भिंतीला हात टेकला. "थांब रे, दम खाऊन राह्यलो." राधेश्याम म्हणाला, "बाबा, दप्तर ताईजवळ हाय. तुमच्याजवळ निस्ता मीच हाय." वडील हसले, "तूच तर जड! दहावी तुझी, पर चढून चढून पास व्हईन मी." वरून मुख्याध्यापकांनी हाक दिली, "बद्रीनाथभाऊ, जल्दी! प्रार्थना झाली." दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर वडील खाली बसले. आधी त्यांनी राधेश्यामला भिंतीशी नीट टेकवले, मग स्वतः आडवे झाले. ते उठले नाहीत.

२. दिव्यांग विद्यार्थ्याला वर्गापर्यंत पोचता येईल अशी सोय करणे कायद्याने शाळेवर बंधनकारक आहे. इथे रॅम्पचीही गरज नव्हती, वर्ग खाली आणला असता तरी भागले असते. वडिलांनी तशी तोंडी विनंती केली होती. दहावीचा वर्ग पहिल्यापासून वरच भरतो आणि खालची खोली संस्थेच्या अध्यक्षांची आहे, असे त्यांना सांगण्यात आले. त्या खोलीत एक सोफा आहे. एरवी तिला कुलूप असते.

३. वडिलांची शोकसभा मात्र त्याच खोलीत झाली. अध्यक्षांचे गुडघे दुखतात, त्यांना जिना चढवत नाही. सभेत वडिलांच्या ताकदीचे कौतुक झाले. त्यांच्या नावे 'आदर्श पालक' पुरस्कार जाहीर झाला आणि जिन्याच्या वळणावर त्यांचा हार घातलेला फोटो लावण्यात आला. अर्जदाराला दोन शब्द बोलायला सांगितले गेले. ती हात जोडून खाली बसली.

४. यंदा जूनमध्ये नववीत स्वरा नावाची मुलगी आली आहे. तिच्या पायांत बळ नाही. तिचे वडील कचरूभाऊ बाजारात हमाली करतात आणि कामावर जाण्याआधी तिला पाठीवर घेऊन जिना चढतात. मुख्याध्यापकांनी त्यांना फोटो दाखवून सांगितले, "यांच्यासारखं करा." यंदाचा पुरस्कार त्यांनाच मिळणार असून तो देण्यासाठी अर्जदाराला बोलावले आहे. वळणावरच्या भिंतीवर वडिलांच्या हाताचा मळकट ठसा आहे. दम लागला की कचरूभाऊंचा हात बरोबर तिथेच पडतो. अर्जदाराने हे पाहिले आहे. तिने त्यांना थांबवून विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुमच्या बाबानं केलं, मंग म्या काऊन न्हाई करावं?" त्यांच्याही छातीत कळ येते. ते स्वरानेच सांगितले.

राधेश्याम घरी आहे. वर्गातली मुले त्याला आळीपाळीने उचलतील, असा निरोप शाळेने पाठवला होता. तो म्हणतो, "मला आता कोणाच्या पाठीवर बसायचं न्हाई." त्याला दहावीची परीक्षा द्यायची आहे. त्याने पुस्तकांना नवी कव्हरे घातली आहेत.

तरी पुरस्काराच्या कार्यक्रमाआधी खालची खोली उघडून नववी-दहावीचे वर्ग खाली भरवण्याचे आदेश व्हावेत आणि फोटो उतरवून घरी न्यायला अर्जदारास परवानगी मिळावी, ही विनंती.

एक गोष्ट या अर्जात असावी. काल सकाळी अर्जदार त्या वळणावर उभी होती. कचरूभाऊ चढत आले, स्वरा पाठीवर होती. त्यांनी फोटोकडे बघून मान लववली आणि भिंतीला हात टेकला. वर मुख्याध्यापक उभे होते. शोकसभेत जे बोलले गेले नाही, ते अर्जदार सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली :

"माझे बाबा आदर्श नव्हते. ते दमले होते. कचरूभाऊ, स्वराला खाली घेऊन चला."

आपल्या आदेशाची वाट पाहणारी,

(सही)
दैवशाला बद्रीनाथ बोराडे
दि. १८ जुलै

सोबत : १) राधेश्यामच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत
२) पुरस्कार समारंभाची निमंत्रणपत्रिका
३) जिन्याच्या वळणावरील भिंतीचे छायाचित्र