मादागास्करला मी तुम्हाला नेणार होते

अहो, ऐकताय ना,

त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. चाकूरला नळ येणं म्हणजे घरात लग्न निघाल्यासारखी घाई. मी कळशा घासून ओळीनं लावत होते, तुम्ही पाइप धरून टाकीजवळ उभे होता, आणि आत गॅसवर चहा उतू चालला होता. मी म्हटलं, "अहो, चहा बघा." तुम्ही चहा बघायचा सोडून मान वर केली आणि आवाज काढला. लांबच लांब, चढत जाणारा, मधेच भोंग्यासारखा, मधेच कोणी रडतंय असा. शेजारच्या शमीमभाबींच्या शेळ्या दावं ओढायला लागल्या. भिंतीवरून भाबींचं डोकं वर आलं.

"भाई, तबियत ठीक है ना?"

"एकदम ठीक. इंड्री बोलून राहिलाय भाबी, मादागास्करचा."

"उसको बोलो जरा आहिस्ता बोल. मेरी बकरी दूध नै देती फिर."

मी इतकी हसले की कळशी भरून पाणी अंगणात वाहायला लागलं, आणि मग तुम्हीच मला रागावलात, पाणी वाया घालवते म्हणून.

ती सकाळ परवापासून डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले. दुसरंही एक कारण आहे. मादागास्करच्या डोंगराळ भागातली माणसं म्हणे काही वर्षांनी आपल्या गेलेल्या माणसांना थडग्यातून बाहेर काढतात, नवं कापड गुंडाळतात, वाजतगाजत नाचतात आणि घरची खबर सांगतात. कोण जन्मलं, कोणाचं लग्न झालं, भात कसा पिकला. वाचलं तेव्हा आधी अंगावर काटा आला. मग वाटलं, बरंच आहे की. तुम्हाला आपल्या रीतीनं शेतात समाधीत बसवलंय, तिथून काही उठवता येत नाही. पण खबर सांगायला कोणाची ना आहे?

पत्राला वर 'प्रिय' लिहायचं असतं, मला ठाऊक आहे. पण आयुष्यात कधी म्हटलं नाही. आता लिहिलं तर तुम्हीच विचाराल, काय काम काढलंय म्हणून.

मी चौथीपर्यंत शिकलेली. वाचायला लागले ती तुमच्या किराणा दुकानात, पुड्या बांधायच्या रद्दीवर. तुम्हाला आकडे यायचे, अक्षरं नाही. तुम्ही मोजायचा, मी बांधायची. बांधायच्या आधी कागद वाचून घ्यायची. गिऱ्हाईक खोळंबायचं. "अप्पा, जिरं द्या की, बाई काय पोथी वाचून राहिल्या का?" तुम्ही म्हणायचा, "थांब थोडं. आमच्या घरात वाचणारं माणूस हाय." हे तुम्ही गावभर असं सांगायचा, जसं दुसऱ्याच्या घरात ट्रॅक्टर आहे म्हणून सांगतात. मला लाज वाटायची. आता वाटते ती लाज नाही.

इंड्रीचा कागदही असाच आला. रविवारच्या पुरवणीतलं अर्धं पान. काळं-पांढरं जनावर, लहान मुलाएवढं, शेपूट जवळजवळ नाहीच, झाडाला मिठी मारून बसलेलं. खाली लिहिलं होतं, हा मादागास्कर बेटावरच सापडतो, सकाळी नर आणि मादी मिळून गातात, ते गाणं डोंगरापलीकडं ऐकू जातं. आणि पुढचं वाक्य सुरू झालं, 'हा प्राणी मात्र', तिथं पान फाटलेलं. उरलेलं अर्धं कोणाच्या तरी तिखटाच्या पुडीला गेलं होतं.

मात्र काय? तुम्हाला चैन पडेना. त्या दिवशी तिखट नेलेल्या घरी जाऊन विचारून आलात. सगळ्यांनी कागद चुलीत घातला होता. मग तुम्हीच ठरवलं, एवढं जनावर आहे तर मोठ्या झूमध्ये असणारच, आणि आपल्याला जवळचा मोठा झू हैदराबादचा. धपाटे बांधून, लहानग्या महेशला घेऊन आपण गेलो. सगळे पिंजरे फिरलो. शेवटी तुम्ही त्या खाकीतल्या माणसापुढं फाटका कागद धरला. त्यानं बिचाऱ्यानं आत जाऊन साहेबाला विचारलं आणि परत आला. "ये किधरीच नै रहता जू में. पकड के लाये तो मर जाता. इसकू देखना है तो उसके घर जाना पड़ता."

तर ते होतं पुढचं वाक्य. दुसरा कोणी असता तर चिडला असता, गाडीभाडं गेलं म्हणून. तुम्ही बाकावर बसून धपाटा सोडला आणि म्हणालात, "बरं हाय. आपलं गाणं कोणाच्या पिंजऱ्यात न्हाई म्हणत. मग आपण जाऊ त्याच्या घरी."

मला त्या वेळी हसू आलं होतं. चाकूरचा वाणी निघाला मादागास्करला. पण तुम्ही विसरला नाहीत. महेशनं मोबाइलवर इंड्रीचा आवाज ऐकवला तेव्हा सकाळ-संध्याकाळ तोच लावून बसलात आणि शिकलात. दुकानात लोक चिडवायचे, "काय अप्पा, विमान कधी हाय?" तुम्ही तराजूवरून नजर न काढता सांगायचा, "बायको तारीख बघून राहिली." पैशाचं तुम्ही आधीच बघून ठेवलं, दोघांचे पासपोर्ट काढले. चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, कुठं निघालात? तुम्ही म्हणालात, माकडाचं गाणं ऐकायला. मी आतून ओरडले, माकड नाही ते, लेमूर. हवालदारानं काय लिहून घेतलं असेल, देव जाणे.

गावभर सगळं सांगत फिरलात. छातीत दुखतंय एवढं मात्र कोणाला सांगितलं नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतं, आणि थोडा रागही आहे, तो राहू द्या.

तुमच्यामागं मी वाचत राहिले. महेशनं लातूरहून पुस्तकं आणली, काही मोबाइलवर वाचलं. तिथं भातच खातात, तिन्ही वेळा. तिथल्या गुरांना आपल्या देवणी बैलांसारखं वशिंड असतं. जंगल तुटत चाललंय आणि इंड्री कमी होत चाललेत, हेही वाचलं. ते वाचलं त्या दिवशी मी नांदेडच्या प्रवास कंपनीत फोन केला. तुम्हीच तो नंबर भिंतीवर पेन्सिलीनं लिहिला होता. फोनवर एक मुलगी होती, नीट बोलली. त्यांचा एक छोटा गट जाणार होता आणि त्यात एका बाईची जागा होती. "काकू, मॉरिशस नको ना तुम्हाला? बरेच जण दोन्हीत गोंधळतात." म्हटलं, नको बाई, मला इंड्रीच पाहिजे, पण आमच्या ह्यांचं वर्ष होऊ दे. ती म्हणाली, मग पुण्यस्मरण झालं की दुसऱ्या दिवशी पासपोर्ट घेऊन या, त्याच्यापुढं जागा धरून ठेवता येणार नाही.

तुमचं वर्ष परवा झालं. स्वामी आले, समाधीला अभिषेक झाला, पंगती उठल्या. मग अंगणात सगळे बसले आणि मी सांगितलं, मादागास्करची जागा पक्की करायला उद्या नांदेडला चालले.

धाकट्या भावजींनी सुपारी तोंडातच धरली. "वैनी, काशीला निघाला असता तर मी स्वतः नारळ फोडला असता. हे काय, समुद्रापार जाऊन माकडं बघायची?"

"माकड नाही ते."

"मग काय हाय?"

"लेमूर."

"लेमूर असू द्या न्हाई तर फेमूर असू द्या. लोक काय म्हणतील? वर्ष झालं आणि बाई फिरायला निघाली."

जाऊबाई भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "आणि निघताना हातावर दही कोण ठेवणार त्यांच्या?"

हे त्या कोणत्या हिशोबानं बोलल्या, मला कळलं. तुम्हाला सांगते. घराबाहेर मोठ्या कामाला निघणाऱ्याच्या तळहातावर दही ठेवायचं काम आपल्या घरात तुमचं होतं. मी लातूरला वाचनालयात निघाले तरी तुम्ही वाटी घेऊन दारात उभे. पोस्टात निघाले तरी दही. फाल्गुनात आपल्या नातीची, शिवानीची दहावीची परीक्षा होती. तुम्ही नाहीत, तर घरात मोठी मीच, म्हणून मी दह्याची वाटी घेऊन पुढं आले. जाऊबाईंनी हळूच ती वाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः ठेवलं दही नातीच्या हातावर. चांगल्या दिवशी विधवेचा हात नको. महेश गाडी काढायला गेला. मी मागं सरकून भिंतीला टेकले आणि पोरीला तिथूनच हात हलवला.

परवा मात्र महेशनं तोंड उघडलं. तो वाईट नाही, तुम्हाला माहीत आहे. घाबरतो. क्लासमध्ये दिवसभर पोरांना फिजिक्स शिकवतो आणि घरी आई जिना उतरली तरी बघत राहतो. तो म्हणाला, "आई, तिथं काही झालं तर? भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही. बाबा असते सोबत तर गोष्ट वेगळी होती."

सगळ्यांनी माना हलवल्या. मला क्षणभर वाटलं, खरंच आहे की. जागा सोडून द्यावी. फोन करून सांगावं त्या मुलीला.

मग मला तुम्ही आठवलात, हैदराबादच्या स्टेशनात. पाट्या तेलुगूत, हिंदीत, इंग्रजीत, आणि तुम्ही माझ्या पदराचं टोक मुठीत धरून चाललेले. "कुठं लिहिलंय गं? नीट बघ." चाकूरात तराजूमागं बसलेला राजा माणूस, आणि तिथं गर्दीत पदर धरून. तुम्हाला त्याची लाज नव्हती. उलट महेशला सांगत होता, आईच्या मागं मागं चल, तिला वाचता येतं.

म्हणून मी महेशला म्हटलं, "बाळा, बाबा मला नेणार नव्हते. मी त्यांना नेणार होते."

भावजी म्हणाले, "म्हणजे?" मी म्हटलं, "म्हणजे तेच. सोबत मी होणार होते त्यांची. आता एकटीला जायचंय, उलट सोपं आहे. कोणाचे चष्मे शोधायचे नाहीत."

भिंतीपलीकडून भाबींचा आवाज आला. ऐकत होत्या सगळं. "जाव भाबी, जाव. और हां, वो जनावर की बोली सीख के नको आना. मेरी बकरियां अब बुढ्ढी हो गयीं."

महेश पहिला हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले, तुमच्यासारखेच, आधी डावा. भावजी उठून चपला शोधायला लागले. "ऐकत न्हाई हे घर," असं कोणाला तरी म्हणाले, पण जोर नव्हता. शिवानी माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं विचारलं, "आज्जी, नर आणि मादी दोघं गातात, तर एकटं राहिलेलं इंड्री गातं का गं?"

मला ते माहीत नव्हतं. कोणत्याच पुस्तकात मला ते सापडलं नाही. म्हटलं, बघून येते आणि सांगते.

लोक विचारतात, एवढ्या लांब कशाला? त्यांना काय सांगू? सगळं आयुष्य ज्या माणसानं पाव किलो, अर्धा किलो केलं, त्याला कधीही न पाहिलेल्या जनावराचं गाणं ऐकायचं होतं, विकत घ्यायचं नव्हतं, घरी आणायचं नव्हतं, नुसतं त्याच्या घरी जाऊन ऐकायचं होतं. असा माणूस माझा नवरा होता. चाकूरात दुसरा नव्हता. मी हे तुम्हाला तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

तर माझा शब्द ऐका. तिथं पोचल्यावर मी पहाटे उठेन, सगळ्यांच्या आधी. जंगलात गप्प उभी राहीन. त्यांचं गाणं आलं की पुरतं ऐकून घेईन. आणि ते थांबले की तुम्ही टाकीजवळ काढायचा तसा आवाज एकदा काढून बघेन. लोक हसले तर हसू दे. मग परत येऊन तुमच्या समाधीपाशी बसून सांगेन, तुमचा सूर कुठं चुकत होता.

त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी सकाळी उठले. नळाला पाणी नव्हतं. अंगण झाडलं, पासपोर्ट पिशवीत घातला. फडताळातून वाटी काढली, उजव्या तळहातावर चमचाभर दही मी स्वतः ठेवलं आणि खाल्लं. दार ओढून घेतलं आणि नांदेडच्या बसमध्ये बसले.

तुमच्या घरातलं वाचणारं माणूस,
कलावती