मशीन हिरवं झालंय, चिमणीला आण

चि. आकाश यास गुंजवण्याहून आजीचा जय भीम. तू, पिंकी आन् चिमणी खुशाल असाल. चिमणीचं वजन वाढलं का? पोर दिस भरायच्या आधीच जन्मली, तिला सर्दी सोसायची न्हाई, म्हणून चार महिने म्या पणतीला मोबाईलातच बघतेय.

तू धाडलेलं हवा साफ करायचं मशीन टेम्पोनं पोचलं. लई देखणं! (कोठी म्हणावी तर झाकण न्हाई, पंखा म्हणावा तर पाती दिसत न्हाईत.) हवेतले खोकल्याचे जंतू गिळतं म्हणं! दिवा हिरवा राहिला की चिमणीला आणतो म्हणालास, तवापासनं दिव्यावरची नजर हलत न्हाई बघ.

नवी वस्तू घरात आली म्हणून तसबिरींपुढं मेणबत्ती, अगरबत्ती लावून वंदना घेतली. तर दिवा लाल, आन् मशीन घुमायला लागलं. मला वाटलं, त्येबी वंदना म्हणतंय. आणखी दोन अगरबत्त्या लावल्या! मग तुझं सांगणं आठवलं, दारंखिडक्या लावून घेतल्या. आता आपल्या आळीत भरदिवसा दार कोण लावतंय? शेजारची अंजना आली, दार वाजवलं, मशीनच्या आवाजात मला कुठलं ऐकू येतंय! तिनं गळाच काढला. अर्धी आळी अंगणात. माझ्या हातच्या भाकरीपासनं स्वभावापर्यंत एकेक गुण काढून रडत होती (मशीन जरा निवलं तवा कळलं. ऐकायला बरं वाटलं, म्हणून दार उशिरानंच उघडलं).

सर्जेराव म्हणाला, "जित्ती हाय व्हय म्हातारे? मग च्या टाक!"

चौदा माणसं आत शिरली. सर्जेरावानं तर मशीनपुढं तोंड नेऊन खोकून दावलं. "गिळ म्हणावं आता!" म्या केरसुणी उचलली, समद्यांना हाकललं. चूल पडवीत नेली, माझं अंथरूणबी. आत कुणी जात न्हाई, म्याबी न्हाई. तीन दिवस दिवा हिरवागार!

तुझी आजी

ता. क. येत्या रविवारीच आण.

ता. क. दुसरं. पत्र लिहून झालं आन् मला सात शिंका आल्या. सर्जेरावाचीच देणगी. पण येणं मोडू नको. तुमी तिघं आत मशीनपाशी ऱ्हावा, म्या आत पाऊल टाकायची न्हाई. चिमणीला फक्त खिडकीशी धर. म्या नाकाला पदर लावून अंगणातनं बघीन. काच दोन्हीकडनं पुसून ठेवलीय.