सातव्या गड्याची हजेरी

२ फेब्रुवारी १९५८, रविवार

आज संध्याकाळी मळ्यात पाचच जण आले. हुतुतूचा संघ सातांचा. बबन म्हणाला, "दोन गडी बाद झाले असं धरू आणि सुरू करू." हसलो, पण रात्री वहीत नावे मांडून पुन्हा मोजली.

महाडचे सामने चार आठवड्यांवर आले. नाव पाठवून दिले आहे, आता मागे घेणे नाही.

मी लहान असताना आमच्या कापडे गावात दोन संघ उभे राहायचे, वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा. भात झोडून झाले की रोज संध्याकाळी आरडाओरडा. आता दोन्ही आळ्या मिळून सात होत नाहीत. आबा (माझे वडील) म्हणतात, हल्लीच्या पोरांत दमच नाही. हे साफ चूक. धोंडूइतका दम आबांच्या वेळच्या कुणात होता असे मला वाटत नाही. तो चढाईला गेला की समोरचे आपोआप मागे सरकतात. पण धोंडूच आठवड्यातून एकदा येतो.

दम आहे. सवड नाही. म्हणजे उपाय सवडीवर शोधायचा.

४ फेब्रु., मंगळवार

गिरणी आज बंद (आमची भातगिरणी सोम., बुध., शुक्र. चालते, वजने लिहायला मी त्याच दिवशी पोलादपूरला जातो). म्हणून घरोघर फिरलो. सगळ्यांच्या वडिलांचे एकच. हमीदचे अब्बा: "खेळायला माझी ना नाय. पण राबाची कवळ कोण तोडणार, तू?" बबनचे वडीलही तेच. खरेच आहे. शिमग्याच्या आत फांद्या तोडून, भारे डोक्यावरून आणून मळ्यात पसरल्या नाहीत तर रोपाची जागा भाजायची कशाने?

परत येताना ओढ्याजवळ सुचले. सावड! लावणीला आपण सगळे एकमेकांकडे जातोच. तसे संघाने जायचे. सातही जणांनी एका दिवशी एका घरची कवळ तोडून द्यायची. ज्याची पाळी त्याच्या घरी दुपारचे जेवण. सात दिवसांत सात घरे मोकळी, आणि मग संध्याकाळी कुणाचा बाप अडवतो ते बघू.

ही गोष्ट इतकी सोपी आहे की आजवर कुणाला कशी सुचली नाही याचेच नवल वाटते.

६ फेब्रु., गुरुवार

पहिली सावड बबनकडे. सातही हजर! धों. झाडावर, आम्ही खाली. त्याचा कोयता एकदा पडला की फांदी खाली. चढणीवर मी नवा नियम केला: डोक्यावर भारा आणि तोंडाने हुतुतू, दम न सोडता. बबन दहा पावलांत भाऱ्यासकट बसला. म्हणाला, "महाडात डोक्यावर भारा घेऊन खेळतात का रे?"

संध्याकाळी पूर्ण संघ खेळला. किती दिवसांनी.

८ फेब्रु., शनिवार

हमीदकडे सावड. त्याच्या आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचे कालवण केले होते. धों. भरपूर जेवला. नंतर जरा गप्प वाटला. दमला असेल.

११ फेब्रु., मंगळवार

आमच्याकडे. आबा स्वतः बांधावर येऊन उभे राहिले. एका दिवसात एवढे काम बघून काही बोलले नाहीत, म्हणजे खूश आहेत.

गुरुवारी धों.ची पाळी.

१३ फेब्रु., गुरुवार

उजाडताच आम्ही सहा जण कोयते घेऊन धों.च्या दारात. त्याची आई, सखूकाकी, भांडी घासत होती. वर बघून हसायलाच लागली. "अगो बाय! लढाई हाय का कुठं?"

मी म्हटले, "काकी, आज तुमचा राब."

"माझा राब?" तिने हाताने वरचा उतार दाखवला. नाचणीचा तुकडा. आमच्या खळ्याहून थोडा मोठा. "तिथं सात जणं उभी राहिलात तर कवळ ठेवू कुठं मी? तुमच्या डोक्यावर?"

बबन खो खो हसला. धों. हसला नाही.

ऊन चढायच्या आत काम संपले. काकीने गुळाचा चहा दिला, तो घेऊन धों. घाईने कुठेसा निघून गेला. भाकरीचे ती काही बोलली नाही, आम्हीही विचारले नाही. परत येताना मला उगाचच लाजल्यासारखे होत होते. कशाबद्दल ते कळेना.

१६ फेब्रु., रविवार

काल दुसऱ्या घरची सावड होती, धों. आला नाही. आज खेळालाही नाही. बबन म्हणतो, "स्वतःचं उरकून घेतलंन नि पळाला." मी त्याला गप्प केले. पण माझ्याही मनात तेच आले होते. लिहून ठेवतो.

१८ फेब्रु., मंगळवार

हमीदकडून कळले. तो बैलगाडी घेऊन आंबेनळी घाटात गेला होता. तिथे रस्त्याचे काम चालू आहे, आणि धों. दिवाळीपासून खडी फोडायला जातो. आम्हाला वाटायचे अधूनमधून जात असेल. रोज जातो. एक दिवस जागा रिकामी दिसली की मुकादम दुसरा माणूस बसवतो.

"मग सावडीला कसा आला तीन दिवस?" मी विचारले.

हमीद म्हणाला, "त्याच्या जागी आय बसली होती. हातोडी घेऊन."

पुढे काय लिहू. मी सात घरे सारखी धरली. ज्याला शेत आहे त्याचा दिवस दुसऱ्याच्या दिवसाने भरून निघतो. ज्याच्या घरी रोजचे रोज येते त्याचा दिवस आम्ही फक्त घेतला. आणि तेही आनंदाने, हुतुतू म्हणत.

२० फेब्रु., गुरुवार

चालत घाटात गेलो. धों. तोंडाला फडके बांधून बसला होता. मला बघून म्हणाला, "रागावलास?" मी म्हटले, तू रागवायचे की मी?

तो हातोडी न थांबवता बोलला. "तुमच्याकडं मी जेवलो रे. तीन दिस पोटभर. आय इथं धूळ खात होती. घरी जाऊन तिला काय सांगू, बोंबील चांगले होते म्हणून?"

"आधी बोलला का नाहीस?"

"तू एवढा नाचत होतास सावड सावड करून. कसा बोलू?"

मुकादम घाटावरचा, कोल्हापुराकडचा वाटला. त्याला सरळ विचारले: एक दिवस याच्या जागी दुसरा आला तर? तो म्हणाला, "मला हात पायजेत. कुणाच्या खांद्याला हायत ते मी बघत न्हाई." सुट्टी बाजाराच्या दिवशी, रविवारी नाही. सामने रविवारी.

मुकादमाने स्वतःच वाट दाखवली. येताना पाय जमिनीला लागत नव्हते.

२३ फेब्रु., रविवार

बबनचा चुलतभाऊ वसंत शिमग्याला मुंबईहून आला. तिकडे चाळीच्या संघातून खेळतो. "फिकर नॉट, आपण कप घेऊनच येणार," असे बोलतो. खेळतो बरा, उडी चांगली.

बबन म्हणाला, "मग झालंच की. धोंड्या राहूदे खडीवर, वसंत सातवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. क्षणभर मलाही सोपे वाटले. मग म्हटले, वसंत सातवाच. पण माझ्या जागी. मी कोपरा सांभाळतो, तो कुणीही सांभाळील. धों.ची चढाई कोण करणार? तो महाडला जाईल. खडीवर मी.

बबन: "तुला हातोडी धरता येते का? पेन नाय ती."

येईल. पाटीवरची अक्षरेही आधी वाकडीच येत होती.

२५ फेब्रु., मंगळवार

सामनेवाल्यांनी सगळ्यांना एका रंगाचे बनियन सांगितले आहेत. विकत कोण घेणार? असतील ते गोळा करून ऐनाच्या झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळले. एक विटकरी झाला, एक गुळासारखा, वसंतचा नवा होता म्हणून गुलाबी. हमीद म्हणाला, लांबून एकच दिसतील. लांबूनच बघू दे.

आबांना खडीचे सांगितले. "आपल्यातलं आजवर कुणी खडीवर बसलं नाय. रस्त्यानं एस.टी. जाते, माणसं बघतात." मी म्हटले, बघू देत. ते ताटावरून उठले.

२७ फेब्रु., गुरुवार

सखूकाकीला सांगायचे राहिले होते. सर्वात कठीण हेच. ती तयार होईना. "तुझा एक दिस मी घेतला तर फेडू कशानं? सावड म्हंजे फेडायला लागते, सदू. माझ्याकडं दुसरा गडी नाय."

मी म्हटले, "काकी, धोंडूने तीन दिवस आमच्यात दिले. आम्ही तुमच्याकडे चहाच्या वेळेपर्यंत काम केले. फेडायचे आमच्याकडे राहिले आहे."

मग काकी म्हणाली, "फडकं बांध तोंडाला. नायतर महिनाभर खोकशील."

म्हणजे हो.

१ मार्च, शनिवार

काल गिरणीच्या मालकांना विचारून पाहिले: रविवारचा सामना जिंकलो तर पुढचा सोमवारी आहे, सोमवारी सुट्टी मिळेल का? "सोमवारी आला नाहीस तर बुधवारपासूनही येऊ नकोस." हसत म्हणाले, पण तसे हसत नव्हते. तरी आधी उद्याचे. एका वेळी एक चढाई.

२ मार्च, रविवार

पहाटे सगळे एस.टी.ने महाडला गेले. ठरले असे: हरले तर संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने परत. जिंकले तर हमीदच्या मामांकडे महाडातच मुक्काम. धों.ने हातोडीचा दांडा काल रात्रीच माझ्यासाठी घासून गुळगुळीत करून ठेवला होता.

दिवसभर फोडली. आधी दगड फुटत नव्हता, नंतर फुटायला लागला. शेजारची बाई म्हणाली, "दगडात रेघ असते, त्या शिरंवर मार, मस्तकावर काय मारतोस." दुपारनंतर मुकादम दोनदा येऊन माझा ढीग बघून गेला. धों.च्या ढिगापेक्षा लहानच. पण त्याने जागा काढून घेतली नाही. मजुरी धों.च्या नावावर घेतली आणि काकीच्या हातात दिली. तिने माझे तळवे उलटे करून पाहिले आणि खोबरेल तेल लावले. फोड सगळे फुटलेत, म्हणून अक्षर असे.

दिवेलागणीला रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. शेवटची एस.टी. आली. एक म्हातारी उतरली, कोंबड्यांची पाटी उतरली. आणखी कुणी नाही. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी घाटाकडे निघून गेली.

कुणी उतरले नाही! म्हणजे जिंकले.

घरापर्यंत पळतच आलो. ओसरीवर आल्यावर लक्षात आले की उद्या सोमवार. गिरणी आहे. माझे हात हे असे. काकी जाते म्हणेल, तिला जाऊ द्यायचे नाही. मग कोण?

आबा खांबाला टेकून बसले होते. जिंकल्याचे सांगितले. "धोंडूच्या चढाईवर जिंकले असणार," म्हणाले. मी म्हटले, त्याशिवाय कसे. ते माझ्या हातांकडे बघत होते. मग विचारले,

"ती हातोडी घरी आणलीस, का घाटातच ठेवून आलास?"

घरीच आणली आहे. दाराआड उभी आहे.