टेकलेला कप्तान मेलेला नाही, याबाबत

मी, रेवणप्पा चन्नप्पा म्हेत्रे, वय अडुसष्ट, गिरणीतला निवृत्त फिटर, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र डोकं ठिकाणावर असताना करतो. डोकं तापलेलं आहे, पण गुरुसिद्धप्पा वकील म्हणतात, कायद्याला तेवढं चालतं. कुणी धाकदपटशा केलेला नाही. बायकोचा धाक आहे, तो चाळीस वर्षांचा जुना असल्यामुळे धरू नये.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते पत्नी नीलम्मा हिला, तिच्यानंतर मुलगी शरणम्मा हिला. मैंदर्गीच्या जावईबापूंनी घर विकायचा सल्ला आत्ताच दिलेला आहे. तो त्यांनी स्वतःजवळ ठेवावा.

२. व्हाइस, कानशी, पाने ही सगळी हत्यारं पुतण्या बसप्पा याला. कानशीने नारळ सोलताना दिसला तर त्याच दिवशी परत घ्यावीत.

३. माडीवर लढाईचा पट आहे. आठ फुटी टेबल, एकशे चाळीस शिशाचे शिपाई, स्प्रिंगच्या दोन तोफा, लाकडी टेकड्या, एक पूल. शिपाई मी जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवून ओतले. नियम माझा दोस्त हरिदास रामा शिवशरण, पोस्टातला कारकून, याने वहीत लिहिले. बावीस वर्षं दर शनिवारी चार वाजता आम्ही दोघं लढलो. लोक म्हणायचे, घोडे झाले तरी पोरखेळ सुटत नाही. म्हणोत.

नियम चौदावा असा: तोफेतून सुटलेली लाकडी मेख लागून जो पडेल तो मेला. बस्स, एवढाच. एकाहत्तरच्या दिवाळीत हरिदासची मेख माझ्या कप्तानाला लागली. कप्तान मागे कलला आणि पुलाच्या कठड्याला टेकून थांबला. पुलावर माझा तो एकटाच उरला होता. तो जिवंत तर पूल माझा, आणि पूल माझा तर लढाई माझी.

"मेला की तुझा कप्तान, रेवण्णा," हरिदास म्हणाला.

"मेला कुटं? टेकलाय."

"कठडा काढ. बघू उभा राहतो का."

"का काढू? पुलाला कठडा असतोच की!"

मी पट्टी लावून मोजलं. कप्तानाची पाठ पुलापासून पाऊण इंच वर होती. त्यावर हा कारकून म्हणतो, "जो स्वतःच्या पायावर उभा नाही, तो नियमाने पडलेलाच." कुठं लिहिलंय असं? वही उघडून बघा, चौदाव्यात नाही, एकतीसपैकी कशातच नाही! आयत्या वेळी नियम काढतो म्हणून मी त्याला लबाड म्हणालो. तो वही आपटून जिना उतरला. नीलम्मा खालून ओरडली, "साकु! पुरे की आता! शिशाच्या बाहुल्यांपायी भांडता व्हय?"

पाच वर्षं झाली. कप्तान अजून तसाच टेकलेला आहे; नीलम्मा त्याच्या भोवतीने फडकं मारते. हरिदास रोज सकाळी माझ्या दारावरून सायकलने जातो, मान वळवत नाही. एका संक्रांतीला त्याची बायको नागूबाई तिळगूळ आणि निरोप घेऊन आली. "कप्तान मेला म्हणून लिहून द्या, मग येतो म्हणालेत." लिहून देतो! माझं मढं देईल लिहून!

४. श्रावणापासून काळजाने दगा दिलाय. आडवा झालो की दम लागतो, उभा राहिलो की चक्कर येते. डॉक्टरांनी लोडाला टेकवून ठेवलंय, रात्रंदिवस. म्हणजे हरिदासच्या नियमाने मी मेलोच की! अरे, मी भाकरी खातो, शिव्या देतो, हे मृत्युपत्र सांगतो. ये आणि बघ! माझं दुखणं सगळ्या बाळीवेशीला माहीत आहे, त्यालाही आहे. आला नाही. याचा राग येतो, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटतं. वकील म्हणाले, हे लिहू नका. मी लिहायला लावलं.

५. पट वहीसकट हरिदासलाच द्यायचा, असं मी ठरवलं होतं. त्याच्याशिवाय त्या शिपायांना ओळखतो कोण? पण वकिलांनी कायदा सांगितला. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, त्याची साक्ष पुढे कोर्टात संशयाची ठरते, म्हणून वकील ती घेत नाहीत. आणि साक्षीदाराने, मी सही करताना, समोर हजर असावं लागतं. दोन दिवस मी याच विचारात होतो. पट दिला तर हा मी गेल्यावर येणार, हातगाडी घेऊन. काही दिलं नाही तर मी असताना येईल. कायद्याच्या कागदाला तो नाही म्हणायचा नाही. सगळी हयात त्याने पोस्टात घालवली आहे.

म्हणून हरिदास रामा शिवशरण याला मी काहीही देत नाही. एक शिपाई नाही, एक मेख नाही. पट शरणम्माला. हरिदासने फक्त साक्षीला यावं. वकिलांनी तशी चिठ्ठी त्याच्या घरी पोचवलेली आहे.

मजकूर मला वाचून दाखवला. बरोबर आहे. एकही शब्द मागे घेत नाही.

सोलापूर, शुक्रवार, ता. १५ ऑक्टोबर १९७६

(सही) रेवणप्पा चन्नप्पा म्हेत्रे

साक्षीदार:

१. (सही) गुरुसिद्धप्पा हत्तुरे, वकील

२. (सही) हरिदास रामा शिवशरण
मृत्युपत्र करणार यांनी लोडाला टेकून माझ्या समक्ष सही केली. त्या वेळी ते जिवंत व पूर्ण शुद्धीवर होते, हे मी स्वतः पाहिले. कप्तानाबाबत माझे म्हणणे कायम आहे. उद्या शनिवार. पूल व कप्तान आहेत तसे, न हलवता, खाली यांच्या खाटेजवळ आणून ठेवावेत. चार वाजता येतो.