आमच्याकडे रंगकाम चालू आहे

प्रिय मार्तंडदादा,

तुला आणि काकूंना साष्टांग नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे? मुलुंडची थंडी बाधत नाही ना? इकडे अंधेरीत सगळे धडधाकट आहोत (माझं डोकं सोडून). आमची श्वेता आज तुमच्याकडे येतेय, म्हणून तिच्याच हाती पत्र देतोय. हाताने लिहिलंय म्हणून हसू नकोस. कॉलेजची लॅब सोमवारपासून रंगकामासाठी बंद आहे, त्यामुळे मला वेळच वेळ आहे.

आमचा तो ग्रुप तुला ठाऊकच आहे. उपनगरातली सहा कॉलेजं आणि तुझी संशोधन संस्था. एकाच्या कॉम्प्युटरवर हल्ला झाला की त्याने तासाभरात बाकीच्यांना कळवायचं, म्हणजे ते तरी वाचतील. संयोजक मीच. उद्घाटनाला घसा फोडून सांगितलं, लाज सोडा, फसलात तर बोला! टाळ्या काय पडल्या रे! पाच महिने झाले. ग्रुपवर येतं काय? गुलाबाची फुलं, सुप्रभात, आणि कुणाच्या तरी निवृत्तीचा केक. हल्ल्याची बातमी एकही नाही.

आणि हल्ले होतायत, दादा! घाटकोपरचं कॉलेज तीन दिवस बंद, म्हणे पेस्ट कंट्रोल. बोरिवलीच्या लॅबप्रमुख रत्नप्रभा मॅडमना फोन केला, तर म्हणे वायरिंगचं काम आहे, पण तुम्हाला कोणी सांगितलं? पार्ल्याला तर चक्क सत्यनारायण, सर्व्हर बंद ठेवून! एकच खोटं ईमेल सगळीकडे फिरतंय, उघडलं की सगळ्या फायलींना कुलूप, आणि एकजण तोंड उघडेल तर शपथ! प्रत्येकाला आपल्या नाकाची पडलीय. एकाने जरी वेळेवर सांगितलं असतं ना, तर पुढच्यांची वाट लागली नसती. संताप संताप होतो नुसता.

तुझा,
देवेश

ता. क. रंगकाम वगैरे काही नाही. मीच उघडलं. विषय होता ‘ग्रुपच्या बैठकीचं इतिवृत्त’. संयोजक मी, बैठक झालीच नव्हती, तरी उघडलं! श्वेतालाही रंगकामच सांगितलंय. (कुठला रंग, असं विचारत होती. मी मोतिया म्हटलं.) फोनवर तुला सांगायची हिंमत झाली नाही.

आणखी एक. ते आता माझ्या नावाने पुढे जातंय. तुला ‘काकूंच्या पंचाहत्तरीचे फोटो’ येतील. हात लावू नकोस, बाबा! खाडीच्या पाण्याच्या तुझ्या अकरा वर्षांच्या नोंदी जातील.

आणि उघडलंच असशील, तर ग्रुपवर आधी तू लिही. नियमच आहे तसा. तुझं नाव वर दिसलं की खाली माझं लगेच टाकतो, देवाशपथ.